कानाचं सोडपत्र

शमीमचा कान बंद होऊन दोनशे सहावा दिवस होता, आणि मिरजेच्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं की तिला ऐकू येतं. भाजीवालीची हाक ऐकू येई, अजान येई, दूधवाल्याच्या विजेच्या दुचाकीची शिट्टी येई. फुफीचे, म्हणजे आत्याचे, टोमणे तर भिंतीपलीकडूनही येत. येत नव्हता तो एकच आवाज, आणि नेमका त्याच्यावरच तिच्या घराची चूल चार पिढ्या पेटत आली होती.

"बघ," अब्बा म्हणाले. त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस दोनदा फिरवली, झोपलेल्या लेकराच्या गालावरून हात फिरवावा तशी. मग तार छेडली. "आता?"

"तार वाजली."

"तार काय, कुंपणाची पण वाजती. त्यातनं काय उठलं ते सांग की."

शमीमने डोळे मिटले. तार वाजत होती, चढत होती, विरत होती. त्यातून काहीच उठत नव्हतं. "नाही, अब्बा."

आतून हुरमत फुफीचा आवाज आला, "भाईजान, कशाला त्या पोरीला छळायलाय? तिचा कान पुण्यात गहाण पडलाय. दगडाला विचारा, तो तरी लवकर सांगंल."

अब्बा, म्हणजे गल्लीचे दस्तगीरभाई, घोडीवरची हाडाची भुकटी फुंकत राहिले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण मांडी घालून बसला की पाठ अजून ताठ. गल्लीत पूर्वी तंबोरे करणारी नऊ दुकानं होती, आता तीन उरली होती. भोपळा कापणारे होते, तूणाचं लाकूड कोरणारे होते, रोगण चढवणारे होते. जवारी लावायला मात्र तिन्ही दुकानांचे तंबोरे दस्तगीरभाईंच्याच ओट्यावर येत.

तंबोऱ्याची तार नुसती ताणली तर ती मुकी असते. तिच्याखाली हाडाची घोडी असते. त्या घोडीच्या पाठीला केसाहून बारीक उतार दिला, की तार तिला अंग घासून जाते आणि एका सुरातून सुरांचा थवा उठतो, शेतातून पाखरं उठावीत तसा. तो उतार म्हणजे जवारी. पाठ फार गोल राहिली तर आवाज तोंडातल्या तोंडात राहतो. फार सपाट झाली तर पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा होतो. मधली जागा पट्टीला सापडत नाही. ती कानाला सापडते, आणि एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाते, शेजारी बसून.

शेजारी बसायला आता दिवस थोडे होते. कानाच्या डॉक्टरांनी गेल्या महिन्यात अब्बांच्या ऐकण्याचा आलेख काढला होता. वरचे सूर बरीच वर्षं झिजत आले आहेत, आता खालचेही निघालेत, असं सांगून ते म्हणाले होते, "उरुसापर्यंत पुरेल. त्यानंतरचं माझ्याच्यानं सांगवत नाही." उरूस सात महिन्यांवर होता. शमीमच्या कानाचं कुलूप निघायला अकरा महिने बाकी होते.

*

तो कान कसा गेला, हे गल्लीला समजावता समजावता शमीमच्या तोंडाला कोरड पडली होती.

पुण्यात 'नादवेल' नावाची कंपनी होती. ठार बहिऱ्या झालेल्या म्हाताऱ्यांसाठी ती यांत्रिक कान बनवी. कानातल्या शिरेला विजेचे बारीक चटके देऊन मेंदूला आवाज पोचवायचा, ही युक्ती जुनीच. पण तो आवाज डब्यात बोलल्यासारखा येई; त्यात सुराचे पदर नसत. पदर कुठे सुटतात ते ओळखणारा माणूस कंपनीला हवा होता. तीन वर्षांपूर्वी त्यांना शमीम सापडली.

त्यांनी तिच्या कानामागे छोटंसं छिद्र पाडून मेंदूच्या ऐकण्याच्या भागावर एक जाळी पसरली, कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ. शमीम दिवसभर आवाज ऐकायची आणि म्हणायची, "हा खरा. हा खोटा. ह्यात जीव नाही." ती म्हणायच्या आधी मेंदूत कोणत्या ठिणग्या पेटतात ते जाळी टिपून घ्यायची. त्या ठिणग्यांवरून यंत्र शिकलं आणि यांत्रिक कानात सुराचे पदर आले. मिरजेत त्याला 'पुणेरी कान' म्हणत. ऐकतो कमी आणि चुका काढतो जास्त, असं वर म्हणून हसत.

अब्बांचं ऐकणं उतरतंय हे कळल्यावर तिने नोकरी सोडली. तेव्हा कराराचं अकरावं कलम उघडलं. दीड वर्ष तिने हे कौशल्य कुठेही वापरायचं नाही, दुसऱ्या कंपनीत नाही आणि स्वतःच्या ओट्यावरही नाही. पूर्वी असलं कलम कागदावरच राही, कोर्टात टिकत नसे. चार वर्षांपूर्वी नवा कायदा आला. बंदी घाला, म्हणाला, पण बंदी आहे तोवर माणसाला अर्धा पगार द्या. आणि बंदी अशी हवी की ती पुरती मागे घेता येईल. कंपनीकडे तर जाळी होतीच. जी ठिणग्या टिपत होती, तीच आता उलट ठिणग्या सोडू लागली. सुराचे पदर सुटू लागले की त्याच क्षणी जाळी ते मिटवी. आवाज राही, पदर जाई.

त्याच कायद्यात आणखी एक ओळ होती. मालकाला अर्धा पगार भरणं नको झालं, तर तो एक पत्र लिहून बंदी सोडून देऊ शकत होता. केव्हाही, कारण न सांगता. एकदा सोडली की परत घालता येत नसे. पण सोडायचा हक्क त्याचा एकट्याचा होता.

*

"सोडायचा हक्क कंपनीचा आहे, ताई," कंपनीचे वकील ढवळीकर म्हणाले. माणूस मऊ बोलायचा. त्यांनी तिच्यासाठी स्वतः चहा आणला होता, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. "मागायचा हक्क कायद्यानं कुणालाच दिलेला नाही."

"म्हणजे मी मागूसुद्धा नको?"

"मागा की. मागायला कोण अडवतंय? आम्ही ऐकलंच पाहिजे, असं मात्र नाही."

"तुम्हाला ऐकू तरी येतंय," शमीम म्हणाली. "मी कुठल्या कंपनीत चाललेय? चटईवर बसून हाड घासणार. तो अर्धा पगार नको मला. कान द्या."

"आज हाड घासाल. उद्या बंगळुरूची कंपनी दारात गाडी घेऊन उभी राहील."

"आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही."

ढवळीकर हसले, मग हसू बाजूला ठेवून त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? यंत्रं सगळ्यांकडे आहेत. आमच्याकडे राखण्यासारखी एकच गोष्ट आहे, तुमचा कान. त्यात सध्या ती गांधीलमाशी मागे लागलीय."

गांधीलमाशीचं शमीमला नोकरीत असल्यापासून ठाऊक होतं. पुणेरी कान लावलेले म्हातारे तक्रार करत. नातवंड खिदळलं, चमचा ताटाला लागला, की कानात गांधीलमाशी भणभणते म्हणत. इंजिनिअरांनी तारा बदलल्या, बॅटऱ्या बदलल्या, चटके कमी करून पाहिले. माशी जात नव्हती.

"ती सापडेपर्यंत तर साहेब तुम्हाला सोडायचं नावही काढू देणार नाहीत," ढवळीकर म्हणाले. "चहा घ्या. गार होतोय."

*

फुफी ओसरीवर तांदूळ निवडत होती. निवडताना ती गुणगुणायची. ती ओवी तिच्या आईची, की तिने स्वतःच जुळवलेली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

*विहीर माझ्या दारी, दोर गं धन्याघरी,*
*तहान सांगू कुणा, पाणी दिसतं वरवरी.*

"मला म्हणून गातीस व्हय?" शमीम म्हणाली.

"तुला कशाला? तांदळाला म्हणतीय. आणि हात रिकामे असतील तर माळ्यावरचा तो डबा पूस. पाली झाल्यात."

तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घोड्यांचा होता. दोन-चार वर्षं रोज गायलेला तंबोरा दुरुस्तीला आला की घोडी बदलावी लागते. तारांनी तिच्या पाठीवर चरे पाडलेले असतात. उतरवलेली घोडी मात्र फेकायची नाही, ही त्या घराची रीत. जे हाड इतकी वर्षं बोललं ते कचऱ्यात कसं टाकायचं? खालच्या अंगाला मालकाचं नाव आणि जवारी लावल्याचं साल लिहून ती डब्यात जाई.

शमीम एकेक घोडी फडक्याने पुसू लागली. पुसता पुसता तिचा अंगठा पाठीवरून फिरत होता, सवयीने. बोटाला कुणी जाळी बसवली नव्हती. अंगठा एका घोडीवरून गेला, दुसरीवरून गेला, आणि थबकला.

तिने खालची सालं वाचली. घोड्या सालवार लावल्या, चऱ्यांच्या मधली कोरी जागा शोधली आणि डोळे मिटून अंगठा पुन्हा पहिलीपासून नेला. जुन्या घोड्यांची पाठ तांदळाच्या दाण्यासारखी होती, हळूच भरलेली. मग एका सालापासून ती बसू लागली होती. दर साली थोडी, अगदी थोडी. शेवटच्या घोड्या धुण्याच्या दगडासारख्या सपाट होत्या.

ती ज्या साली बसू लागली होती ते साल शमीमला पाठ होतं. त्या साली ती अठराची होती. घरात मुलगा नव्हता, म्हणून फुफीशी भांडून अब्बांनी तिला प्रथम शेजारी बसवलं होतं.

डॉक्टर म्हणाले होते, वरचे सूर बरीच वर्षं झिजत आलेत. अब्बांना थवा कमी ऐकू येऊ लागला, म्हणून त्यांनी घोडी आणखी घासली. तेव्हा त्यांच्या कानात तेवढाच थवा उठला, पूर्वीएवढाच, आणि ते निवांत झाले. पुढच्या साली आणखी थोडी. गायकांनी तक्रार केली नाही. ध्वनिक्षेपकासमोर तो झगमगता आवाज त्यांना आवडायचा, 'दस्तगीरी' म्हणून ते तो मागून घ्यायचे. आणि शेजारी बसलेल्या पोरीला ते सांगत होते, हा खरा, हा खोटा. तिच्या कोऱ्या कानाने बापाचा बहिरेपणा माप म्हणून घेतला. तेच माप तिने पुण्याला नेलं. हजारो म्हाताऱ्यांच्या कानांत भणभणणारी गांधीलमाशी मिरजेच्या ह्या ओट्यावरून उडाली होती. इंजिनिअरांनी सगळं तपासलं. मापच खोटं आहे का, असं मापाला कोण विचारतं?

"काय बघायलीस?" अब्बा मागे येऊन उभे होते. त्यांनी एक जुनी घोडी उचलली, पाठ उजेडात धरली आणि नाक मुरडलं. "ही माझ्या कच्च्या हातची. जुन्या सगळ्या अशाच, तोंडात सुपारी धरून बोलणाऱ्या. हात आत्ता कुठं पिकलाय बघ. ह्या दहा-पंधरा वर्षांत."

शमीमने ती घोडी त्यांच्या हातातून घेतली आणि डब्यात परत ठेवली.

*

आठ दिवस तिने ते पोटात ठेवलं. त्या आठ दिवसांत अब्बा दोनदा "आँ?" म्हणाले, एकदा फुफीची हाक त्यांना ऐकू गेलीच नाही. आणि आठव्या दिवशी, भाकरी थापता थापता, शमीमला कुलपाची खोच उमगली. धनी कुलूप का ठेवतो? आत माल आहे म्हणून. आत माल नाही असं त्याला पटलं, तर तो राखणीचा पगार कशाला भरेल?

कान परत मिळवायला कान खोटा आहे हे सिद्ध करावं लागणार होतं. आणि तो खोटा कुणामुळे, हेही.

तिने सात घोड्या रुमालात बांधल्या. "दवाखान्यात जाऊन येते," असं फुफीला सांगून सकाळच्या बसने ती पुण्याला गेली.

कंपनीच्या सूक्ष्मदर्शकाने अंगठ्याचं म्हणणं तासाभरात खरं ठरवलं. ढवळीकरांनी पडद्यावरची सात वळणं पाहिली. ती एकापाठोपाठ एक खाली बसत गेली होती.

"म्हणजे तीन वर्षं आम्ही एका बहिऱ्या म्हाताऱ्याच्या—"

"दस्तगीरभाई म्हणा," शमीम म्हणाली. "सगळी गल्ली म्हणते."

ढवळीकरांनी पडदा मालवला. मग त्यांनी विचारलं, "हे सांगायला आलात, ह्याचं तुम्हाला काय मिळणार?"

"ते तुमच्या साहेबांना विचारा. सोडायचा हक्क तुमचा आहे. मी मागितलेलं नाही."

एकोणीस दिवसांनी पत्र आलं. चार ओळींचं. *कलम अकरानुसार असलेला आपला हक्क कंपनी स्वेच्छेने सोडून देत आहे. यापुढे मोबदला देय राहणार नाही. जाळी सोमवारी सकाळी अकरा वाजता कायमची निष्क्रिय करण्यात येईल. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा.*

तिच्या कानाची किंमत शून्य झाली होती, म्हणून तो तिला परत मिळत होता.

*

सोमवारी अकराला ती अंगणात नळाखाली कळशी लावून उभी होती. आधी काही झालं नाही. मग कळशीत पडणारी धार उसवली. एक धार होती तिच्या दहा झाल्या. पाणी तांब्याला लागत होतं ते वेगळं, पाण्याला लागत होतं ते वेगळं, आणि कळशी भरत जाईल तसा आतला पोकळ सूर पायरी पायरी वर चढत होता. भिंतीवरून कबूतर उडालं आणि त्याच्या पंखातलं प्रत्येक पीस तिने ऐकलं. आतून फुफी खोकली. त्या खोकल्यातही केवढी मोठी दुनिया होती! शमीम कळशी तशीच वाहती ठेवून ओट्यावर धावली.

"अब्बा! छेडा!"

अब्बांच्या मांडीवर सकाळीच जवारी लावलेला तंबोरा होता. त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं, काय ते ओळखलं, आणि चारही तारा एकामागून एक छेडल्या.

थवा उठला. दोनशे पन्नास दिवस शेतात दडून बसलेली सगळी पाखरं एकदम उठली, छपराला लागली, गल्लीभर झाली. शमीम रडू लागली. असं गोड तिने जन्मात ऐकलं नव्हतं. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती.

आणि मग तिचं रडू थांबलं.

बोट ठेवायला जागा असायला हवी होती. तिने वाकून अंगठा घोडीला लावला. पाठ सपाट होती, धुण्याच्या दगडासारखी. अंगठा म्हणत होता खोटी. कान म्हणत होता खरी, ह्याहून खरी नाहीच. आणि कान आता तिचा स्वतःचा होता, मोकळा, त्यावर कुणाची बंदी नव्हती.

"काय झालं?" अब्बांनी विचारलं. "चुकलंय कुठं?"

तिने सांगितलं. त्यांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने सांगावं लागलं, त्यामुळे सगळं फुफीनेही ऐकलं. शमीमने आतून रुमाल आणला आणि सात घोड्या त्यांच्यासमोर सालवार मांडल्या. दस्तगीरभाईंनी एकेकीवरून अंगठा नेला. तिसरीपाशी त्यांचा हात मंदावला. सातवीच्या खालचं साल त्यांनी उजेडात धरून वाचलं.

"पुण्याला आधी सांगितलंस," ते म्हणाले.

"हो."

"बापाला मागनं."

"हो, अब्बा."

"पंधरा वर्षं..." त्यांनी मांडीवरच्या तंबोऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा छेडायला गेलेलं बोट मागे घेतलं. "पण मला हे गोड लागतंय."

"मलाही गोडच लागतंय. तेच तर सांगायलेय."

फुफी दारात आली होती. हातातलं सूप तिने उंबऱ्यावर टेकवलं.

"तुझ्यातनं निघंल का हे?" अब्बांनी विचारलं. "त्या पुण्यावाल्यांना म्हणावं, हे पण सोडा."

"हे त्यांनी घातलेलं नाही, अब्बा. हे कुणाला सोडता येत नाही."

त्यांनी मान हलवली. मग तारा सैल केल्या, घोडी उतरवली आणि फडताळातलं नवं कोरं हाड चटईवर ठेवलं.

"हुरमत, कापूस आण गं थोडा."

"आत्ता कापूस कशाला, भाईजान? कुठं दुखतंय?"

"आण म्हणतो ना!"

फुफीने उशी उसवून मूठभर कापूस आणला. दस्तगीरभाईंनी दोन बोळे वळले, अत्तराचे वळतात तसे सावकाश, आणि शमीमचं डोकं एका हाताने धरून तिच्या कानांत एकेक बसवला. घट्ट, आणखी घट्ट. आधी गल्ली गेली. मग अंगणातली वाहती कळशी गेली. मग तिचा स्वतःचा श्वास तेवढा उरला.

त्यांनी सर्वांत जुनी घोडी तिच्या डाव्या हातात दिली, उजव्या हातात कानस. त्यांचे ओठ हलले. काय म्हणाले ते तिला ऐकू आलं नाही. मग त्यांनी तिचा अंगठा धरला, त्या जुन्या पाठीवर टेकवला आणि स्वतःचा अंगठा वर ठेवून हळूहळू पुढे नेला.